बदली, विनंती आणि टेम्पोचं भाडं

मंडळी, गणपतीला घरी आलेल्यांत दरवर्षी एखाद्याची बदली झालेली असतेच. आरतीनंतर विषय निघतो, टेम्पोचं भाडं कोण देणार? म्हणून आम्ही थोडे नियम पाहिले.

केंद्र सरकारच्या नोकरीत सरकारी कामासाठी बदली झाली, तर कुटुंबाचा प्रवासखर्च, सामानाची वाहतूक आणि शेवटच्या मूळ पगाराच्या ८० टक्के एकरकमी अनुदान मिळतं. नवं ठिकाण २० किलोमीटरच्या आत असेल, तर अनुदान एक तृतीयांश, तेही बिऱ्हाड खरोखर हलवलं तरच.

मेख पुढं आहे. आदेशात 'स्वतःच्या विनंतीवरून' असं आलं, की यातलं काही मिळत नाही. आणि आपल्या बोरगावकरांच्या बदल्या बहुधा विनंतीच्याच! म्हातारे आईवडील इथं, म्हणून निपाणी-चिकोडीकडं यायला आपणच अर्ज टाकतो. टाकू नका असं आम्ही म्हणत नाही. टेम्पोचे पैसे तेवढे आधी बाजूला काढा.

दुसऱ्या केंद्रीय खात्यात निवड झाली, तर सरळ राजीनामा देऊन मोकळे होऊ नका. अर्ज आपल्या कार्यालयामार्फतच गेलेला हवा, म्हणजे तांत्रिक राजीनामा देता येतो आणि मागची सेवा धरली जाते.

कर्नाटक सरकारच्या नोकरांचे नियम वेगळे, ते आपल्या कार्यालयात विचारा. केंद्राच्या नोकरांनी पावत्या जपाव्यात. प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत बिल टाकायचं असतं.