काम नसताना सायकल

(महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

माझ्याआधी बोललेल्या मैत्रिणींनी पोटगी, रेशन, जमिनीवरचं नाव असे विषय मांडले. त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत 'ऊनपावसातल्या सायकलफेऱ्या' हे वाचून मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या, ते मी पाहिलं. हसू येणं साहजिक आहे. मी एम. एस. डब्ल्यू. केलं, दहा वर्षं कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते, पण हा विषय मला कॉलेजात कुणी शिकवला नाही. तो शिकवला केंद्रात येणाऱ्या बायकांनी.

आमच्याकडे एखादी ताई पहिल्यांदा आली की आम्ही तिचं रोजचं वेळापत्रक विचारतो. कितीला उठता, पाणी कधी येतं, घराबाहेर कधी पडता. एकदा मी सहज एक प्रश्न वाढवला, "काम नसताना बाहेर कधी गेला होता?" समोरची ताई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाजारला जातो की." ते काम झालं. "दवाखान्यात जातो." तेही कामच. "अंबाबाईला जातो मंगळवारी." तिथंही पोराच्या परीक्षेचं नाहीतर नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं घेऊन जायचं. शेवटी तिनंच मला विचारलं, "काम नसताना कशाला जायचं वो बाहेर?"

पुढे हा प्रश्न मी अनेकींना विचारला. उत्तर थोड्याफार फरकानं तेच आलं. बाईच्या प्रत्येक पावलाला कारण लागतं. ते कारण घरासाठी असेल तर दार उघडतं, स्वतःसाठी असेल तर उघडत नाही.

आमच्या कोल्हापूरच्या भाषेची बाहेरचे लोक गंमत करतात. आमच्या बायका 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असं बोलतात. पुण्यामुंबईकडच्यांना वाटतं, काय मर्दानी बायका आहेत! पण जीभ 'जातो, जातो' म्हणते आणि पाय उंबऱ्याच्या आत राहतात. भाषेनं दिलेली मोकळीक रस्त्यावर मिळालेली नाही.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. यातल्या बऱ्याचजणींना सायकल येत होती. शाळेला जाताना चालवली, दहावी झाली, लग्न ठरलं आणि सायकल धाकट्या भावाकडे गेली. काहींची तर न्हाण आल्यावरच बंद झाली. सीटवर बसून 'काहीतरी होईल' ही भीती आयांनी घातली होती. मैत्रिणींनो, कौमार्याच्या पडद्याविषयीची ही भीती निराधार आहे. त्या पडद्यावरून कुणाचं काहीही सिद्ध होत नाही. पण त्या भीतीनं कितीतरी मुलींचे पाय पायडलवरून कायमचे खाली उतरवले.

तेव्हा आम्ही पाचजणींनी ठरवलं, रविवारी सायकल काढायची. सायकली मुलांच्या, पुतण्यांच्या. दोन तर मधल्या दांडीच्या, साडीवर चालवता न येणाऱ्या. वेळ संध्याकाळी पाचची ठेवली. सकाळ का नाही? कोल्हापुरात रविवारी सकाळी घरोघरी मटण शिजतं. तांबडा-पांढरा होऊन, पंगती उठून, भांडी घासून बाई मोकळी होते ती चारला. पुरुषांचा रविवार उजाडतो तेव्हा उजाडतो, आमचा चारला उजाडतो.

रस्ता असा: गंगावेशीत जमायचं, पंचगंगा घाटावरून शिवाजी पूल ओलांडायचा, आंबेवाडीवरून प्रयाग चिखलीच्या संगमाकडे जायचं, थोडं बसायचं आणि अंधाराच्या आत परत. कधी नुसती रंकाळ्याला फेरी, कधी कळंब्याच्या तळ्याकडे. घड्याळ लावून पन्हाळा चढणारे सायकलवाले आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचं कौतुकच आहे. आमचा नियम मात्र उलटा. जी सगळ्यात हळू चालवते, तिच्या चालीनं सगळ्यांनी जायचं. चढ आला की उतरून ढकलत नेलं तरी चालतं. शेंगा घ्याव्यात, म्हैस रस्त्यात बसली असेल तर ती उठेपर्यंत उभं राहावं.

आता हवामानाचं. आपल्याकडे पावसाला नाती आहेत, वयं आहेत. उन्हाळ्यात येतो तो वळीव. मग मृग, आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. श्रावणात ऊन आणि सर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. हस्ताचा पाऊस गडगडाट करून जातो. हे सगळं बायकांना तोंडपाठ, कारण पापड, कुरडया, गोवऱ्या, जळण सगळं आभाळ बघूनच करावं लागतं. पण हेच आभाळ बाईला घरात ठेवायलाही वापरलं जातं. 'आभाळ आलंय, आता कुठं निघालीस?' 'ऊन लागंल.' 'भिजलीस तर कोण करणार तुझं?' मुलगा त्याच पावसात चेंडू घेऊन बाहेर पडतो, त्याला कुणी विचारत नाही. शेतात चिखलात गुडघाभर उभं राहून भात लावताना बाई दिवसभर भिजते, तेव्हाही कुणी विचारत नाही. कामासाठी भिजलेली बाई कुणाला खुपत नाही. फिरताना भिजलेली बाई सगळ्यांना खुपते.

हे मला एका मे महिन्यात नीट कळलं. आम्ही सातजणी चिखलीहून परत येत होतो. पश्चिमेकडून काळं आभाळ चढलं, वारा सुटला, धुळीनं डोळे भरले आणि टपोरे थेंब सुरू झाले. विजा होत होत्या म्हणून झाडाखाली थांबलो नाही. उसाच्या कडेला एक बंद गुऱ्हाळ होतं, त्याच्या पडवीत शिरलो. पाऊण तास पाऊस, मग गारा. पत्र्यावर एवढा आवाज की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. ओल्या मातीचा वास. एक ताई ओंजळीत गारा घेऊन खात होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. तिचं नाव मी सांगणार नाही. तिला मी इतकी वर्षं ओळखत होते, पण हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

घरी पोचायला तिला दीड तास उशीर झाला. ओले कपडे अंगाला चिकटलेले. नवऱ्यानं दारातच विचारलं, "कुणाबरोबर भिजत होतीस?" त्या रात्री त्यानं तिला मारलं आणि सायकलची दोन्ही चाकं विळीनं फाडली.

तीन रविवार ती आली नाही. माझी झोप उडाली. सायकल काढायची कल्पना माझी होती. उद्या नोकरी करून मी माझ्या घरी जाणार, मार तिला बसणार. कार्यकर्त्या म्हणून आपण बायकांना पुढे ढकलतो, आणि मागे काय होतं ते आपल्याला नंतर कळतं. चौथ्या आठवड्यात ती स्वतःच केंद्रावर आली. मी अपराधी मनानं म्हणाले, "ताई, सायकल राहू दे थोडे दिवस." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, सायकलच्या आधी मारत न्हवता व्हय तो? तवा भाकरी करपली म्हणून, आता भिजलो म्हणून. भाकरी करायची सोडा, असं न्हाई तुमी कधी म्हणाला मला."

मैत्रिणींनो, या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. स्वयंपाकावरून मार बसला तेव्हा मी मार थांबवायचा विचार केला. फिरण्यावरून मार बसला तेव्हा मी फिरणं थांबवायला निघाले. फिरणं ही चैन आहे, सोडता येण्यासारखी गोष्ट आहे, हे माझ्याही मनात घट्ट बसलेलं होतं.

आम्ही रीतसर मार्गानं गेलो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच्या नियमांबरोबर कौटुंबिक घटना अहवालाचा जो नमुना आहे, तो एकदा नीट वाचा. मारहाणीच्या रकान्यांपुढे शाब्दिक आणि मानसिक छळाचे रकाने आहेत, आणि त्यात 'घराबाहेर पडू न देणे' हाही एक आहे. आपण संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाताना मारहाण, हुंडा, पोटगी एवढंच भरतो आणि हा रकाना कोरा सोडतो. त्या ताईनं तो भरायला लावला. तिला मारहाणीविरुद्ध अंतरिम आदेश मिळाला. प्रकरण संपलेलं नाही, घरात शांतता आहे असंही मी म्हणणार नाही. पण चाकांना नवे टायर बसले आहेत, ते तिच्या पैशाचे.

आम्हीही शिकलो. आता नवी बाई फेरीला आली की आधी विचारतो, उशीर झाला तर घरी काय होईल? धोका असेल तर आग्रह करत नाही, ठरवायचं तिनं. जवळपास राहणाऱ्या दोघी तिला दारापर्यंत सोडतात. प्रत्येकीकडे एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत असतो.

सायकल आणि स्त्रीचं नातं जुनं आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेत बायका सायकल चालवू लागल्या, तेव्हा काही डॉक्टरांनी 'सायकल-चेहरा' नावाचा आजारच काढला होता. म्हणे ताणानं बायकांचा चेहरा बिघडतो! त्याच काळात, १८९६ साली, मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या सुसान अँथनी यांनी सायकलीइतकं स्त्रीला मुक्त करणारं दुसरं काही नाही, अशा अर्थाचं मत जाहीरपणे मांडलं. आपल्या देशात तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकवणं जोडून घेतलं. एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळू लागली, आणि माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासात दिसलं.

ही सगळी उदाहरणं मोलाची आहेत. तरी एक लक्षात घ्या. सरकारनं सायकल दिली ती शाळेसाठी, कामासाठी. तीही कारणाची सायकल. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की बाईला सार्वजनिक जागेत उगाच रेंगाळण्याचाही हक्क हवा. चौकातल्या कट्ट्यावर पुरुष तासन्‌तास बसतात, त्यांना कुणी 'काय काम आहे' विचारत नाही. तो कट्टा आमचाही आहे.

यावर एका धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या मावशींनी मला चांगलं सुनावलं होतं. त्या रोज पूल ओलांडून सायकलनं शहरात येतात. म्हणाल्या, "तुमचं फिरणं झालं बाई, आमचं रोजचंच हाय." त्यांचं बरोबर होतं. फुरसतही सगळ्यांना सारखी वाटलेली नाही, आणि आपल्या संघटनांनी हे विसरू नये. मी काही बोलले नाही. दोनेक महिन्यांनी त्या एका रविवारी आपणहून आल्या. पुलावर सायकल टेकवून नदीकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बारा वर्सं ह्याच पुलावनं जातो, पण थांबलो कधीच न्हवतो."

शेवटी ज्यांना आपापल्या गावी फेरी सुरू करायची आहे त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. ओल्या चाकावर ब्रेक लवकर धरत नाही, तेव्हा आधीपासून हलके हलके दाबा. डबक्यातून सायकल घालू नका, खाली खड्डा किती ते दिसत नाही. एका हातात छत्री धरून चालवू नका. काळ्या रानातली पाऊलवाट पावसात टाळा, मडगार्डमध्ये चिखल बसून चाक जागच्या जागी अडतं. आणि पावसाळ्यात नदीची पातळी विचारल्याशिवाय निघू नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आंबेवाडी-चिखलीच्या माणसांना घरं सोडावी लागली. आम्ही ज्या रस्त्यानं फिरतो तो तेव्हा पाण्याखाली होता. खऱ्या धोक्याला आम्ही मान देतो. 'आभाळ आलंय' या धाकाला देत नाही. यातला फरक बाईला कळतो, कारण आभाळ तिच्याइतकं कुणी वाचलेलं नाही.

आमच्या केंद्रात बाहेर जाताना लिहायची एक वही आहे. नाव, वेळ, कारण. रविवारी सायकल काढताना त्या ताईनं कारणाच्या रकान्यात एकदा लिहिलं, 'काही नाही'. आता सगळ्याच तसं लिहितात.

येत्या रविवारी पाच वाजता गंगावेशीत. आभाळ आलेलं असेल. आम्ही येतो, तुम्हीही या.