बंद दारांचा गांव



२०२० सालीं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहणारी बोट सुरू झाली आणि मुंबईकरांस अलिबागेकडील आपलें दुसरें घर आणखी जवळ आलें. गवंडी, सुतार, माळी यांस त्या घरांमुळें काम मिळतें. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु वाडी विकणाऱ्याच्या मुलास पुढें त्याच गांवीं झोंपडीपुरतीहि जागा परवडेनाशी होते, आणि बापाच्याच वाडीवर तो राखणदार म्हणून उभा राहतो. पांच दिवस दिवा न लागणाऱ्या घरांतून शाळेस मुलें कोठून यावींत? मयतीस खांदा कोणीं द्यावा? स्वित्झर्लंडांत २०१२ सालीं लोकांनींच मतें देऊन अशा घरांस गांवोगांवीं शेंकडा २० ची मर्यादा घातली. बहुमत मात्र निसटतेंच होतें. येत्या ग्रामसभेंत हा विषय कोण काढतो?