लघवी न राहणे : शस्त्रक्रिया कोणती?

भगिनींनो, आजचे दुखणे असे आहे की बायका ते डॉक्टरला सोडाच, घरात लेकीलाही सांगत नाहीत. खोकला आला, शिंक आली, हंडा उचलला, की लघवी निसटते. मग लग्नाकार्याला जायचे टाळायचे, एस. टी. चा प्रवास टाळायचा, आणि वयाचा भोग म्हणून गप्प बसायचे. भोग कसला? बाळंतपणांत मूत्रमार्गाखालचा आधार सैल पडतो, आणि त्याला उपाय आहेत.

आधी व्यायाम. लघवी थोपवताना जे स्नायू आपण आवळतो, तेच दिवसातून तीनदा, दर खेपेला निदान आठ वेळा आवळावेत. तीन महिने नेमाने. पुष्कळींचे यावरच भागते.

नाहीच भागले तर शस्त्रक्रिया. पण ती एकच नाही. १९६१ साली बर्च या अमेरिकन डॉक्टरांनी एक रीत मांडली. तीत मूत्राशयाच्या तोंडाजवळचा सैल भाग पोटाच्या बाजूने टाके घालून वर बांधतात. दुसरी रीत झोळीची. रोगिणीच्याच पोटावरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवतात. अमेरिकेत ६५५ स्त्रियांवर या दोहोंची तुलना झाली. निष्कर्ष २००७ साली छापून आले. दोन वर्षांनी झोळीवाल्यांपैकी शंभरात ६६ जणींना असे गळण्यापासून आराम होता, टाकेवाल्यांपैकी ४९ जणींना. मग झोळीच बरी म्हणाल! पण झोळीवाल्यांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि लघवी अडकण्याचा त्रासही जास्त झाला. गळायचे थांबले, पण काहींना उतरेना, असे झाले.

तिसरी रीत स्वीडनच्या उल्मस्टेन यांची, १९९६ सालची : प्लास्टिकच्या जाळीची अरुंद फीत. चीर लहान, घरी लवकर सोडतात, गुणही चांगला येतो. मात्र फीत जन्मभर आत राहते. काहींना ती टोचते, उघडी पडते, आणि मग काढणे फार अवघड. अशा तक्रारींवरून इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा सरसकट वापर थांबवला. इतरत्र ती वापरतात.

तेव्हा कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी डॉक्टरीणबाईंना विचारावे, "आत काय ठेवणार? माझीच पट्टी की जाळी? लघवी अडकली तर पुढे काय?" अजून मूल हवे असेल तर तेही आधी सांगावे, बहुधा थांबायला सांगतात. आणि घाई लागून मोरीपर्यंत पोचण्याआधीच कपडे भिजत असतील, तर तो विकार निराळा. त्याला औषधे आहेत. या शस्त्रक्रिया त्यासाठी नाहीत.