निझाम सर्किटातला उन्हाळा



लातूर-नांदेडच्या माणसाला उन्हाळा सांगायला व्यासपीठावरचा अध्यक्ष लागत नाही. म्हणून थेट सिनेमाच्या धंद्यावर येतो.

20 जून 1975 ला अमेरिकेत स्पीलबर्गचा 'जॉज' एकाच दिवशी चारशेहून अधिक थिएटरांत लागला. तोवर मोठा सिनेमा आधी मोठ्या शहरांत लागायचा आणि बोलबाला झाला की सावकाश लहान गावांत उतरायचा. 'जॉज'वाल्यांनी टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार केला आणि लोकांना आपसांत बोलायलाही उसंत न देता गल्ला भरला. पुढे 1977 च्या मे महिन्यात 'स्टार वॉर्स' आला आणि उन्हाळा ही हॉलिवूडची सुगी झाली.

ती जुनी, सावकाश उतरण्याची रीत आपल्या अंगवळणी पडलेली होती. मुंबई-पुण्यात झिजलेली रिळं तालुक्याच्या टॉकीजला यायची. पडद्यावर पाऊस नसला तरी पावसाच्या रेघा दिसायच्या. मराठवाडा ज्यात होता, त्या हैदराबाद संस्थानातली निझामाची सत्ता 17 सप्टेंबर 1948 ला संपली, पण हिंदी सिनेमाच्या वितरकांच्या हिशेबात मराठवाडा पुढेही 'निझाम' सर्किटातच, म्हणजे त्या नावाच्या वितरण विभागातच, राहिला. हसू नका. आपल्याकडे कोणता सिनेमा कधी लागणार, याचा निर्णय आपल्या गावात होत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता 2016 चा दुष्काळी उन्हाळा आठवा. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली; दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असं याच टंचाईमुळे मुंबई उच्च न्यायालयानं बजावलं होतं. अशा वेळी, 29 एप्रिलला, नागराज मंजुळेंचा 'सैराट' लागला. जवळपास तीन तासांचा सिनेमा, नायक-नायिका नवखे, आणि शेवट असा की थिएटरातून बाहेर पडताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं. धंद्याच्या कुठल्याही ठोकताळ्यात हे बसत नाही. तरी मराठी सिनेमानं शंभर कोटींचा आकडा पहिल्यांदा ओलांडला तो याच उन्हाळ्यात.

काही जण म्हणतात, लोक गारव्यासाठी गेले. ज्यांनी आपली पत्र्याखालची थिएटरं पाहिली नाहीत, त्यांनीच असं म्हणावं! लोक गेले, कारण 'सैराट'मधली करमाळ्याकडची बोली त्यांना आपल्या घरची वाटली, बुलेट चालवणारी नायिका आर्ची त्यांना हवी होती, आणि त्यातला जात हा विषय त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आणखी एक गोष्ट. 'जॉज'ला टीव्ही लागला. 'सैराट'ची जाहिरात वरातीतल्या डीजेनं केली. गाणी आधीच बाहेर आली होती, लग्नसराई ऐन भरात होती. ऊसतोडीहून माणसं परतलेली, पुण्याला शिकणारी पोरं सुट्टीला आलेली. आपल्याकडे उन्हाळा हा असा माणसं गावात असण्याचा काळ आहे. मृग लागला की त्यांना सिनेमा दिसत नाही, आभाळ दिसतं.

पण या यशाची किंमतही मोजावी लागली. त्यानंतर ज्याला त्याला पुढचा 'सैराट' हवा होता. शुक्रवार ते रविवार गल्ला जमला नाही तर सोमवारी खेळ कमी, बुधवारी सिनेमा गायब. आता डिजिटलमुळे सिनेमा मुखेड-उदगीरलाही मुंबईबरोबरच पोचू शकतो, हे मान्य. पण जातोही मुंबईबरोबरच. आपला प्रेक्षक आठवडी बाजार करून, लग्न उरकून, पाहुण्याला विचारून मग तिकीट काढतो. तो निघेपर्यंत पोस्टर बदललेलं असतं. 'सैराट' स्वतः मात्र आठवडेच्या आठवडे टिकला तो याच विचारपूस करणाऱ्या प्रेक्षकाच्या जोरावर. हे कुणी लक्षात घेतलं नाही.

मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला मोक्याची वेळ द्यावी, असं सरकारनं 2015 मध्ये ठरवलं. चांगलं केलं. पण ज्या तालुक्यात मल्टिप्लेक्सच नाही, तिथं तो नियम काय कामाचा? आणि तारखांचं म्हणाल तर आपल्या लातूरजवळच्या बाभळगावच्या रितेश देशमुखांचा 'लय भारी' जुलैत आला, 'वेड' डिसेंबरअखेर. दोन्ही तुफान चालले, तक्रार नाही. पण लातूरकराच्या सिनेमालाही लातूरचा उन्हाळा मिळाला नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

वितरकांकडे माझं मागणं साधं आहे. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत लातूर-नांदेड या दोन जिल्ह्यांत लागणाऱ्या मराठी सिनेमाला दुसरा आठवडा ठरलेलाच असावा, पहिल्याचा गल्ला काहीही असो. त्यात नुकसान झालं तर ते एकट्या थिएटरवाल्यावर टाकू नका. निर्मात्यानं आणि वितरकानंही वाटून घ्यावं. आणि लेखक मित्रहो, देगलूर-धर्माबादचा प्रेक्षक मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही सिनेमे पाहतो. त्याच्या तोंडची ती मिसळलेली बोली अजून पडद्यावर यायची आहे. करमाळ्याची आली, कंधारची कधी लिहिताय?