वर्गातील पडदा आणि शिक्षकाचा हात



पुणे शहराला विद्येचे माहेरघर म्हणण्याचा प्रघात जुना आहे. त्या वचनाचा एक अर्थ मात्र सहसा ध्यानात घेतला जात नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत गेल्या सहा दशकांत जी जी नवी शैक्षणिक साधने पोहोचली, त्यांतील कितीतरी साधनांची सिद्धता याच शहरात झाली. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची ‘बालभारती’, १९६७ च्या जानेवारीत स्थापन झाली, ती येथेच. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे कार्यालय सदाशिव पेठेत आहे. भारतीय लिप्या संगणकावर उमटविण्याच्या कामात ज्या संस्थेचा मोठा वाटा आहे, ती ‘सी-डॅक’ १९८८ मध्ये पुण्यातच उभी राहिली. तेव्हा शाळेच्या वर्गात चित्रफीत, संगणक आणि इंटरनेट यांचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. तो येथे निदान तीनदा विचारला गेला आहे आणि तिन्ही वेळा त्याचे उत्तर थोडे थोडे निराळे आले आहे.

न थांबणारे चित्र

१ ऑगस्ट १९७५ रोजी देशात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा जो प्रयोग सुरू झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे होती. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. परंतु त्या प्रयोगाचा अनुभव गाठीशी बांधून, इन्सॅट उपग्रहाच्या आधारे शालेय कार्यक्रम प्रक्षेपित करण्याची योजना पुढे आखण्यात आली, तेव्हा महाराष्ट्राची निवड झाली आणि १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ जन्मास आली. मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार करणारे स्वतंत्र चित्रीकरणगृह, लेखक, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ एका छताखाली आले. पाच ते आठ आणि नऊ ते अकरा या वयोगटांसाठी कार्यक्रम होऊ लागले. आज चाळिशीत असलेल्या कित्येक मराठी स्त्री-पुरुषांना सकाळच्या त्या कार्यक्रमांची आठवण निघताच बाल्य आठवते, हे त्या संस्थेच्या यशाचे गमक म्हटले पाहिजे.

तथापि वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या दृष्टीने त्या साधनात एक मूळचीच उणीव होती. प्रक्षेपण ठरलेल्या वेळी होई. त्या वेळी शाळेत वीज असेलच असे नव्हते. शाळा दुपारच्या अधिवेशनाची असली, तर सकाळचा कार्यक्रम तिच्या उपयोगाचा नसे. बीज कसे रुजते याचे सुंदर चित्रीकरण पडद्यावर यावे आणि तो पाठ वर्गात महिन्यापूर्वीच होऊन गेलेला असावा, असेही घडे. सर्वांत मोठी अडचण म्हणजे ते चित्र थांबत नसे. एखाद्या मुलाने हात वर केला, तरी शिक्षकाला त्याला गप्प करणे भाग पडे, कारण त्याच्या शंकेचे उत्तर देईपर्यंत पडद्यावरील रोप वाढून त्याला फुले आलेली असत. म्हणून त्या काळी कार्यक्रमापूर्वी काय सांगावे आणि कार्यक्रमानंतर काय विचारावे, यावर शिक्षक-प्रशिक्षणात भर दिला जाई. मधल्या वीस मिनिटांत मात्र शिक्षक हा केवळ एक प्रेक्षक असे.

त्याच १९८४ साली केंद्र शासनाने शाळांत संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. संगणक आले, त्यांच्यासाठी स्वतंत्र खोल्या झाल्या, धूळ लागू नये म्हणून पादत्राणे बाहेर ठेवण्याचे नियम झाले, आणि पुष्कळ ठिकाणी खोलीला कुलूपही लागले. यंत्र बिघडेल या भीतीने ते मुलांपासून दूर ठेवायचे आणि मग मुले ते शिकत नाहीत म्हणून खेद करायचा, हा प्रकार त्या काळापुरताच होता असे मानण्याचे कारण नाही.

तीन वर्षांचे अंतर

आर्थिक अडचणीत सापडलेली बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद करण्यात आली आणि नव्या माध्यमांसाठी ‘ई-बालभारती’ची वाट धरण्यात आली. दूरचित्रवाणीचे दिवस संपले, आता प्रत्येकाच्या हाती इंटरनेट आहे, असा विचार त्यामागे असणे स्वाभाविक होते. परंतु काळाने त्या विचाराची परीक्षा फार लवकर घेतली. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण पुण्यातच आढळले आणि त्याच महिन्यात शाळांचे दरवाजे बंद झाले. इंटरनेटवरून वर्ग भरू लागले, तेव्हा दिसून आले की प्रत्येक घरी ते साधन नाही. ‘असर’ या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे वाढ मोठी होती, आणि तरीही दहापैकी जवळजवळ चार मुले बाहेरच होती. शिवाय घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे. पर्वतीच्या उतारावरील एका खोलीच्या घरात वडिलांबरोबर सकाळी कामावर गेलेला फोन रात्री परत येतो. वर्ग तर सकाळी दहालाच भरलेला असतो.

अशा वेळी राज्याला पुन्हा दूरचित्रवाणीचीच आठवण झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने सिद्ध केलेली ‘टिलीमिली’ ही मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. पहिली ते आठवी या आठ इयत्तांसाठी प्रत्येकी साठ, असे ४८० भाग अल्पावधीत तयार करण्यात आले. घरातील आणि अंगणातील साध्या वस्तू घेऊन मुले आणि मोठी माणसे मिळून शिकत आहेत, अशी तिची मांडणी होती. परीक्षेचा धाक नाही, फळाही नाही. ते काम कौतुकास्पद झाले यात शंका नाही. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या शहरात मुलांच्या दूरचित्रवाणीसाठीच वाहिलेली संस्था उभी होती, त्याच राज्यात हा प्रपंच नव्याने मांडावा लागला, हेही विसरता येत नाही. यंत्रे जुनी होतात. मुलांशी मराठीत कसे बोलावे, कोणती गोष्ट दाखवावी आणि कोणती त्यांच्यावर सोडून द्यावी, याची जाण असलेली माणसे जुनी होत नाहीत. ती एकदा पांगली की पुन्हा गोळा करण्यास वेळ लागतो.

पुस्तकातील चौकोन

आज बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा जो लहानसा चौकोन असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. फोनच्या कॅमेऱ्याने तो टिपला की २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील संबंधित साहित्य उघडते. या साधनाचा वर्गात कल्पक उपयोग केल्याबद्दल सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराच्या दहा लक्ष डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे.

या चौकोनामुळे चित्र आले, आवाज आला, हे तर झालेच. परंतु १९८४ च्या तुलनेत झालेला खरा बदल त्याहून साधा आहे. आता चित्र थांबवता येते. ते मागे नेता येते. आवाज बंद करून शिक्षकाला स्वतः बोलता येते. प्रक्षेपणाची वेळ शाळेने पाळावयाची नसून, चित्राने शिक्षकाची वाट पाहावयाची आहे. दुर्दैवाने पुष्कळ वर्गांत हे स्वातंत्र्य वापरलेच जात नाही. चित्रफीत लावायची, चाळीस मुलांनी ती अथपासून इतिपर्यंत निमूट पाहायची आणि नंतर ‘समजले का?’ या प्रश्नाला एका सुरात होकार द्यायचा. हे म्हणजे हाती नवे साधन घेऊन जुन्याच अडचणीत राहणे होय.

थांबवण्याने काय साधते, याचे उदाहरण पुण्याच्या नदीवरूनच घेता येईल. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपग्रहाने टिपलेली भूचित्रे विनामूल्य पाहावयास मिळतात. परिसर अभ्यासाच्या तासाला शिक्षकाने पडद्यावर आंबी नदीवरील पानशेतचे धरण दाखवावे आणि तेथे थांबावे. पाणी येथून कोठे जाईल, असे विचारावे. मुले बोट फिरवीत खडकवासल्याच्या जलाशयापर्यंत येतील. तेथून मुठेच्या काठाकाठाने विठ्ठलवाडी, लकडी पूल, ओंकारेश्वर आणि शेवटी मुळा-मुठेचा संगम. आता पडदा बंद करावा आणि सांगावे की १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि ते सारे पाणी याच वाटेने शहरात शिरले. घरी कोणाला ते आठवते का, हा त्या दिवसाचा गृहपाठ. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजीला वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले ते अजून सांगता येते. गोखलेनगर, सहकारनगर या वसाहती पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून वाढल्या, हे तेथेच राहणाऱ्या मुलाला कदाचित प्रथमच कळेल. दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा उघडावा. या खेपेस मुले निळी रेषा पाहणार नाहीत. कोणाचे घर कोठे होते, पाणी कोठून वळले असेल, उंचावरची पेठ कोणती, हे ती शोधू लागतील. उपग्रहाला आजी ठाऊक नसते आणि आजीने नदी आकाशातून पाहिलेली नसते. त्या दोहोंची गाठ घालून देणारा मध्ये कोणीतरी लागतो.

काडीपेटीतील भूमिती

या शहरात याच दिशेने झालेले दुसरे मोठे काम आयुकाच्या आवारातील मुलांच्या विज्ञान केंद्राचे आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या खगोलशास्त्रीय संशोधन संस्थेने शाळकरी मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ चालविली, हीच मुळात विशेष गोष्ट. तेथे श्री. अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून सुमारे अकरा वर्षे काम केले. आयआयटी कानपूरचे हे अभियंता पुण्याच्या टेल्कोत मालमोटारींच्या कारखान्यात होते. मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काही काळ घालविल्यावर त्यांचे मन टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याकडे वळले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मुलांसाठीची असंख्य पुस्तके आणि खेळणी करून दाखविणाऱ्या छोट्या चित्रफिती आहेत. त्यांतील कित्येक मराठीतही आहेत आणि सर्व विनामूल्य आहेत.

त्यांचे एक जुने खेळणे पाहावे. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी बोटभर कापायची आणि तिच्या तुकड्यांत आगकाड्यांची टोके खोचून आकार जोडायचे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबताच कलतो आणि समभुज चौकोन होऊन बसतो. त्यात एक कर्ण घातला की तो पुन्हा ताठ. रेल्वेच्या पुलाला इतके त्रिकोण का असतात, हे ज्या मुलाने तो चौकोन स्वतःच्या बोटांनी मोडला आहे, त्याला निराळे सांगावे लागत नाही. चित्रफीत दोन-तीन मिनिटांत संपते आणि पुढचा सगळा तास मुलांच्या हातांचा असतो. वर्गातील पडद्यावर जे दाखवावयाचे, ते पडदा बंद झाल्यावर मुलांना काय करावयास लावते, हा निकष या खेळण्यांनी सहज घालून दिला आहे.

मराठीतील साहित्याचा तुटवडा ही तक्रार अद्याप खरी आहे, पण पूर्वीइतकी नाही. ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या मराठी विश्वकोशातील नोंदी आता इंटरनेटवर वाचता येतात. १९७१ पासून निघत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने तेथे खुले केले आहेत. मात्र मुलांना देवनागरीत टंकन करता आले, तरच ही दारे उघडतात. सातवीतील मूल ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून शोधू पाहते आणि काही सापडले नाही म्हणून मराठीत काही नाही असा निष्कर्ष काढते. देवनागरी टंकनाला आठवड्यातून एक तास दिला, तर फार मोठे काम होईल.

आणि यासाठी प्रत्येक बाकावर यंत्र असण्याची गरज नाही. शिक्षकाने चित्रफीत घरी उतरवून आणली, तर शाळेतील इंटरनेटची वाट पाहावी लागत नाही. पडदा नसेल तेथे चुना दिलेली भिंत चालते. जून महिन्यात, शाळा सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात, नवे पाठ्यपुस्तक घेऊन बसावे. प्रत्येक धड्याचा चौकोन उघडून पाहावा. निरुपयोगी वाटेल त्यावर फुली मारावी. आणि जेथे काही चांगले सापडेल तेथे समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे, की कितव्या मिनिटाला थांबायचे आणि तेथे काय विचारायचे. ते पुस्तक पुढील वर्षी त्या वर्गाला शिकविणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्यावे. तो आपल्या खुणा त्यात घालील आणि काही पुसूनही टाकील.