रिकामी बाटली आणि आपली विहीर



कपाशीवरचे औषध संपले की बाटली जाते कुठे? धुऱ्यावर, नाल्यात, नाहीतर घरात तेलाला! औषध म्हणतो, पण आहे विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. तीच बाटली विहिरीवर धुतली की विष आपल्याच माठात. त्यापेक्षा पंप भरतानाच ती तीनदा विसळा, पाणी पंपातच ओता. पैशाचे औषधही वाया जात नाही. मग बाटलीला भोके पाडा. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात, रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा. म्हणजे पुरायचे आमच्याच जमिनीत! बाटलीचे दाम घेणाऱ्या कंपनीने ती परत का नेऊ नये? पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने विहिरी-नाल्याकाठच्या बाटल्या मोजून आकडा आणावा. दुकानदारापुढे तो मांडू.