लुगडे, कुंकू आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. चार शब्द बोल म्हणून आज्ञा झाली, म्हणून उभी राहिले.

आपल्या वसईच्या बाजारात पूर्वी बाई दिसली की ती कुठली हे विचारावे लागत नसे. कोळीण लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसायची, कारण तिला चिखलापाण्यात वावरायचे असे. शेजारची ख्रिस्ती शेतकरीणही लुगड्यातच भाजी घेऊन यायची; पण तिचे कपाळ मोकळे, माझ्या आजीचे कुंकवाने भरलेले. एवढ्यावरून ओळख पटे. त्यात वाईट काही नव्हते.

पण हीच ओळख कोणी आपल्यावर लादली, तर तिची बेडी होते. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना हेच समजावले. गुडघ्यावर नेसलेले लुगडे आणि हातातल्या कथलाच्या पाटल्या या तुमची जात ओळखण्याच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. साधी नेसण्याची पद्धत, पण तिच्यावरून माणसाला दूर उभे करीत होते.

आता घरचे सांगते. माझे वडील गेले, तेव्हा दहाव्याला बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या. काच लागून मनगटातून रक्त आले. मी तिथेच उभी होते, बोलले नाही. दुःख तिचे, हात तिचे. ठरवले मात्र आम्ही इतरांनी. त्यानंतर दर संक्रांतीला आमच्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू तीच वळते, आणि बायका येऊ लागल्या की आत जाऊन बसते. तिला बाहेर ये म्हणून मी एकदाही म्हटले नाही. हा दोष माझाच.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. पती वारल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद, असा ठराव तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला. इतर ग्रामपंचायतींनीही तसेच करावे, असे सरकारने त्याच महिन्यात कळवले. एका खेड्याला जे जमले, ते आपल्या मंडळाला का जमू नये?

म्हणून माझी विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या आमंत्रणात ‘सुवासिनींना’ हा शब्द नको, ‘सर्व भगिनींना’ असे लिहावे. कुंकवाचा करंडा प्रत्येकीपुढे धरावा. जी लावील तिने लावावे. जी नको म्हणेल तिला आग्रह नको. कपाळ तिचे आहे.

माझी आई आज मागच्या रांगेत बसली आहे. यंदा पहिला तिळगूळ मी तिच्या हातावर ठेवणार आहे. मग ती आत जाणार नाही, असे मला वाटते.